इन्क्युबेटरची वसुबारस

"ती जिती हाय तोवर तिच्या अंगाला सुरी लावायची न्हाई," शिवाक्का म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवतो."

"कुणी लावत नाहीये," हर्डीकर मॅडम म्हणाल्या. "आम्ही बसून राहू."

आणि खरंच आम्ही बसून राहिलो. कोल्हापुरातल्या गवळी गल्लीतला गोठा, सकाळचे सात वाजलेले. मॅडम पालथ्या बादलीवर बसलेल्या, मी कडब्याच्या पेंढीवर, आणि माझ्या मांडीत एक थर्मास. थर्मास बघून शेजारच्या बाईंना वाटलं पाहुण्यांनी चहा आणलाय, म्हणून त्या बिचाऱ्या तीन कप विसळून घेऊन आल्या. थर्मासात मिठाचं कोमट पाणी होतं. आता हे त्यांना कसं सांगायचं म्हणून मी गप्प बसले, तर त्या कप धरून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

समोर चंद्री पडली होती. पंढरपुरी म्हैस, शिंगं पाठीवरून मागे पार खांद्याच्या पलीकडे गेलेली. तीन दिवसांपूर्वी नदीवर धुवायला नेली असताना घाटाच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. जनावरांचे दोन डॉक्टर बघून गेले होते आणि दोघांनीही मान हलवली होती. म्हैस एकदा मागच्या पायांवर उभी राहायची थांबली की तिचे दिवस भरले म्हणायचे. खाटकाचा निरोप आला तेव्हा शिवाक्कांनी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं होतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मी पद्मजा मगदूम. एका ट्रस्टच्या पशुप्रजनन केंद्रात डॉक्टर इंदुमती हर्डीकरांच्या हाताखाली काम करत होते. ते केंद्र आता नाही. म्हशीच्या पोटातून बीजांडं काढायची, काचेच्या बशीत वाढवायची, तिथेच फळवायची आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवायचा, असा मॅडमचा उद्योग होता. बीजांडं मिळायची कत्तलखान्यातून. मी जैनाची पोर, आमच्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही, आणि मी रोज सकाळी थर्मास घेऊन कत्तलखान्यात जायची. आईला सांगितलं होतं, दुधाचे नमुने आणते. आई शेजारपाजारी कौतुकानं सांगायची, आमची पद्मजा दुधाच्या खात्यात आहे.

शिवाक्का दहीहंडे केंद्रावर चंद्रीला भरवायला, म्हणजे रेतन करून घ्यायला यायच्या, तेव्हापासूनची ओळख. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाच म्हशींचा गोठा एकटीनं ओढत होत्या. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायची, पेल्यात फेसाळतं दूध द्यायचं. लोक पेला घेऊन खोळंबायचे, पण चंद्रीचंच दूध प्यायचे. अशी म्हैस, आणि तिची पाच वेतं झाली तर पाचही वेळा रेडा. रेडी नाहीच. तिची आई गेली होती, बहीण नव्हती. म्हणजे ही गेली की तिच्याबरोबर तिचं दूध, ती शिंगं, तो शांत स्वभाव, सगळंच गेलं.

"बाई," परवाच शिवाक्का केंद्रावर येऊन मॅडमना म्हणाल्या होत्या, "मेलेल्या म्हशीच्या पोटातनं बी काढता म्हणं तुमी. मग माझ्या चंद्रीचं काढा. मला एक रेडी द्या तिची."

मॅडमनी खोटा दिलासा दिला नव्हता. "चार वर्षांत आमचं एकही रेडकू जमिनीला लागलेलं नाही," त्यांनी सरळ सांगितलं होतं. "गर्भ राहतो, पडून जातो. मी शब्द देत नाही."

"शब्द कुणी मागितलाय," शिवाक्का म्हणाल्या. "हात लावा म्हणतो."

नऊच्या सुमाराला चंद्रीनं मान टाकली. शिवाक्कांनी तिच्या डोळ्यांवर पदर ठेवला, कपाळाला कुंकू लावलं, आणि मग उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "आता करा काय ते," म्हणाल्या. मॅडमनी वीस मिनिटांत दोन्ही बीजांडकोश काढले. आवळ्याएवढे दोन गोळे कोमट पाण्यात पडले, मी थर्मासचं झाकण लावलं आणि स्कूटरवर मॅडमच्या मागे बसून तो छातीशी धरला. आयुष्यात मी कुठली वस्तू इतक्या जपून धरलेली नाही.

केंद्रात आम्ही त्या गोळ्यांवरचे साबुदाण्याएवढे फुगे सुईनं एकेक करून शोषून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली नऊ बीजांडं मिळाली, त्यातली सात चांगली होती. म्हशीचं बीजांड काळपट असतं, आत चरबी भरलेली असते. मी आज पुण्यात माणसांच्या बीजांडांवर काम करते. ते निर्मळ असतं, आरपार दिसतं. पण आकाराला म्हणाल तर दोन्ही जवळजवळ सारखी, सुईनं टोचलेल्या भोकाएवढी. एवढ्याशा टिंबावर बायका नवस बोलतात आणि सासर-माहेर एक होतं. म्हशीच्या बाबतीत तर अख्खी गल्ली विचारायला येते.

सात बीजांडं एक दिवस पिकू दिली, दुसऱ्या दिवशी नळकांड्यात गोठवून ठेवलेल्या रेड्याच्या बीजानं फळवली. त्यानंतर दोन दिवसांनी वसुबारस होती. त्या सकाळी मॅडमनी बशी काढून बघितली आणि मला म्हणाल्या, "ये, बघ." सातातली पाच दुभंगून चार-चार पेशींची झाली होती. सात दिवसांपर्यंत टिकली की गर्भ ठेवायच्या लायकीचा होतो. सातवा दिवस येत होता भाऊबीजेला.

"पाच," मॅडम म्हणाल्या. त्या हसायच्या नाहीत सहसा. पण त्या दिवशी बशी आत ठेवताना त्यांनी इन्क्युबेटरच्या दाराला उगाचच एकदा हात लावला. मग दुपारी सांगलीला बहिणीकडे निघाल्या. "उद्या दुपारपर्यंत येते. दार उघडायचं नाही. काही करायचं नाही. नुसतं गॅसचा काटा बघायचा," असं बजावून किल्ली माझ्या हातात दिली. वाटेत गवळी गल्लीत थांबून ही पाचाची बातमी त्यांनी शिवाक्कांनाही सांगितली.

संध्याकाळी पाच वाजता शिवाक्का दारात हजर. नवं इरकल नेसलेल्या, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, झेंडूची फुलं, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, गूळ, कापराच्या वड्या. दुसऱ्या हातात धुपाटणं.

"चंद्रीची बारस करायला आलो," त्या म्हणाल्या.

"आक्का, मॅडम नाहीत."

"मॅडमची कुठं करायची हाय?"

मी हसले. तिथेच चुकलं. "आक्का, आत नाही जाता येत हो कुणाला. आम्हीसुद्धा तोंडाला पावडर लावून जात नाही आत. गजरा घालून आले तर मॅडम मला घरी पाठवतात."

"मी कुठं पावडर लावलीया. आज वसुबारस. वासराच्या आईची पूजा करतात आज. आई तर गेली. पोरं त्या पेटीत पडल्यात. त्यांच्यापुढं आज दिवा न्हाई लावायचा, तर मग मी कसली त्यांची? आं?" त्यांचा आवाज एवढा वेळ खणखणीत होता, तो एकदम बसला. "घरात आज पैल्यांदा चंद्री न्हाई गं पद्मा. चार म्हशींस्नी ओवाळलं आणि पाचव्या दावणीपाशी ताट घेऊन उभी ऱ्हायलो. मग हिकडं आलो."

मला भरून आलं. कुणालाही आलं असतं, पण दार माझ्या हातात होतं. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीतूनच ओवाळा. त्यांनी बाहेरच्या खोलीत धूप घातला, कापूर पेटवला. मग म्हणाल्या, "तोंड तरी दाव." मी आतलं दार उघडलं. मग म्हणाल्या, "ह्यो तर डबा हाय. आत दिसत न्हाई व्हय?" आणि मी, जिला मॅडमनी सहा महिने घासून घासून शिकवलं होतं, त्या मीच इन्क्युबेटरचं दार उघडलं. आत काचेचं दुसरं दार असतं, तेही उघडलं, कारण काचेवर वाफ धरली होती. दहा आकडे मोजायला लागतात तेवढा वेळ. शिवाक्कांनी बशीला ओवाळलं. कापराचा धूर सरळ आत गेला. त्यांनी पुटपुटत काय मागितलं ते ऐकू आलं मला. "रेडी होऊ दे," एवढंच.

मी दोन्ही दारं लावली. इन्क्युबेटरला कुंकवाचं बोट लागलं होतं, ते पुसायला माझा हात होईना. मग आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून नैवेद्याची गवार-भाकरी खाल्ली. आपण फार पुण्याचं काम केलं अशा समाधानात मी त्या दिवशी घरी गेले.

धनत्रयोदशीच्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली. पाचातली तीन काळवंडली होती. पेशींच्या कडा विस्कटलेल्या, आतलं सगळं दाणेदार. चौथं दिसायला ठीक होतं पण पुढे सरकलेलं नव्हतं. एकच आठ पेशींचं झालं होतं. खोलीत अजून कापराचा वास होता. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, ते कुंकू पुसलं. तेव्हा मला नक्की काही ठाऊक नव्हतं, पण वास आणि धूर गर्भांना सोसत नाही एवढं ऐकून होते.

मॅडम दुपारी आल्या आणि त्यांनी बघितलं. नाकाला वास आला असणार म्हणावं, तर त्यांना सांगलीत सर्दी जडली होती. "काही झालं का इथे?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

हे दोन शब्द मी त्या खोलीबाहेर आजवर कुणाला सांगितले नव्हते. आता लिहिते आहे.

त्यांनी सगळं तपासायला घेतलं. गॅस बरोबर, उष्णता बरोबर. पाण्याची बाटली ओतून दिली, नवं पाणी केलं. मग पोषकद्रवाची वही काढून बसल्या आणि स्वतः केलेली वजनं पुन्हा पुन्हा ताडून बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी, नरक चतुर्दशीला, अभ्यंग करून सगळं गाव फराळाला बसलेलं असताना त्या केंद्रात तीच वही उघडून बसल्या होत्या. मी चहा करून दिला. चौथंही काळवंडलं होतं. उरलं एकच.

"पद्मजा," त्या म्हणाल्या, "माझंच चुकलंय. तराजूवरचा आकडा मला नीट दिसत नाही हल्ली. तीनचा आठ वाचला असेन. हात पण कापतो." त्यांनी उजवा हात टेबलावर पसरून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. "चार वर्षांत एक रेडकू नाही, आणि दरवेळी मी म्हशींना दोष देत आले. दिवाळी झाली की ट्रस्टींना पत्र लिहिते. हे बंद करूया. शिवाक्कांना मीच सांगेन, माझ्या हातून गेलं म्हणून."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"मॅडम, तुमच्या हातून नाही गेलं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. ताट, धुपाटणं, दोन्ही दारं.

त्यांनी वहीचं नवं पान काढलं.

"कापराच्या वड्या किती?"

"दोन. तीन असतील."

"धूप?"

"होता."

"दार किती वेळ उघडं?"

"दहा आकडे मोजेपर्यंत."

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन मिटलं. "कापरानंच गेली असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण लिहून ठेवायचं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी स्वतःला दोष देतेय, पद्मजा. आणि तू समोर बसून मला चहा करून देत होतीस."

मला जोड्यानं मारलं असतं तरी चाललं असतं.

"तुला आत्ताच्या आत्ता घरी पाठवलं असतं. पण भाऊबीजेपर्यंत मला दुसरे हात कुठून मिळणार? ते एक वाचवायचंय. आणि शिवाक्कांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. तिनं देव मानून केलं. आपल्याच हातानं गेली असं कळलं तर ती बाई आयुष्यभर कापूर बघून रडेल. हे ओझं तू घ्यायचं. कळलं?"

"हो मॅडम."

मग आम्ही कामाला लागलो. ते एक टिंब नव्या बशीत, जुन्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये हलवलं. खोलीच्या भिंती, फरशी, दारं, सगळं नुसत्या पाण्यानं तीनदा धुतलं. खिडक्या सताड, पंखे चालू. पाडव्याच्या सकाळी गवळ्यांच्या म्हशी सजून रस्त्यावर आल्या. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, पोरं मोटरसायकली पुढे घालून म्हशींना मागं पळवत होती. त्या गर्दीतून शिवाक्का केंद्राशी डोकावल्या. आम्ही दोघी ओल्या फरशीवर पदर खोचून उभ्या होतो.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"साफसफाई," मॅडम म्हणाल्या. "दिवाळी आहे ना."

शिवाक्कांनी भिंतीकडे बघितलं, पंख्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

भाऊबीजेला त्या टिंबाचा छान गोल फुगा झाला होता. आत एका कडेला पेशींचा पुंजका. तो पुंजका म्हणजे रेडकू, बाकी सगळं त्याचं अंथरूण-पांघरूण. शिवाक्कांची काशी नावाची म्हैस आधीच इंजेक्शनं देऊन तयार ठेवलेली होती. गरीब स्वभावाची, दोन वेतांची. गोठ्यात मॅडमनी नळी धरली, आणि त्या दिवशी त्यांचा हात अजिबात कापला नाही. शिवाक्का काशीच्या तोंडापाशी उभ्या होत्या.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच," मॅडम म्हणाल्या. "हेच सगळ्यात चांगलं होतं."

शिवाक्कांनी पुढे काही विचारलं नाही. मी काशीचं शेपूट धरून मान खाली घालून उभी होते.

मॅडमनी मला काढलं नाही. एक महिना माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, हे खरं. मग एक दिवस डब्यातली साबुदाण्याची खिचडी माझ्या ताटलीत वाढली, त्यावरून मी ओळखलं. दोन महिन्यांनी आम्ही काशीला तपासायला गेलो. मॅडमनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. गोठ्यात माशांचा आवाज तेवढा येत होता.

"आहे," त्या म्हणाल्या.

शिवाक्का होत्या तिथे शेणामातीत बसल्या.

म्हशीला दहा महिने लागतात. त्या दहा महिन्यांत मी दर आठवड्याला गवळी गल्लीत जायची. तिसऱ्या महिन्यात पडून जाईल, पाचव्यात जाईल, अशी धास्ती घेऊन जायची आणि काशीला रवंथ करताना बघून परत यायची. शिवाक्का मला हाताला धरून बसवायच्या, ताक द्यायच्या. "रेडी होऊ दे गं," दरवेळी म्हणायच्या. आणि दरवेळी माझ्या जिभेच्या टोकावर यायचं की आक्का, पाच होती, त्यातली चार माझ्यामुळे गेली, त्यांतल्या किती रेड्या होत्या देव जाणे. पण मॅडमना शब्द दिला होता. ताक पिऊन उठायची.

भाद्रपद लागला. गणपती बसायला तीन दिवस होते, रविवारची सकाळ होती. शिवाक्कांचा निरोप आला तेव्हा मॅडम स्कूटरला किक मारत न बसता समोर दिसलेल्या रिक्षानं निघाल्या, म्हणजे किती घाई झाली असेल बघा. आम्ही पोहोचलो तेव्हा काशी आडवी झालेली, पुढचे दोन खूर बाहेर दिसत होते. मॅडम आणि शिवाक्का दोघी गुडघ्यावर बसल्या, एकेका खुराला धरून काशीच्या कळेबरोबर ओढत होत्या. एक डॉक्टर, एक गवळण, दोघींचे हात कोपरापर्यंत सारखेच माखलेले. नाक दिसलं, डोकं आलं, आणि मग एकदम सगळं रेडकू घसरून कडब्यावर पडलं. ओलं, काळं, जिवंत. शिंकलं.

चार वर्षं, नव्हे पाच, आणि हे पहिलं. मॅडम त्याच्या नाकातला चिकटा काढत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी रेडकाचा मागचा पाय उचलून बघितलं. पाय सावकाश खाली ठेवला.

शिवाक्कांना सांगायची गरजच नव्हती. "रेडा," त्याच म्हणाल्या.

काशी वळून त्याला चाटायला लागली. मी खांबाला टेकून उभी होते. मला पुढचं दिसत होतं. गवळ्याच्या गोठ्यात रेड्याला कोण ठेवतं? पान्हा सुटण्यापुरतं आचळाला लावायचं, लगेच ओढून बाजूला बांधायचं, महिन्या-दोन महिन्यांत तो आपसूक जातो नाहीतर विकला जातो. चंद्रीचे पाच असेच गेले होते. एवढं सगळं करून सहावा.

मग मला राहवलं नाही. "आक्का," मी म्हणाले, "पाच होती. बारशीच्या सकाळी पाच चांगली होती. मी दार उघडलं, धूर आत गेला आणि चार मेली. त्यात रेडी असणार होती आक्का. मी मारली तुमची रेडी."

"पद्मजा," मॅडम ओरडल्या.

शिवाक्का रेडकाचं अंग कडब्यानं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय ठावं आहे?"

"धूर. पाडव्याला आलो तवा तुमी दोघी भिंती धुत हुता, पंखं लावून. दिवाळीची साफसफाई पाडव्याला करतंय व्हय कुणी? बाईंनी पाच सांगितलेली, आणि काशीच्या पोटात घातलं एक. मला मोजता येत न्हाई व्हय? अगं, गोठ्यात धार काढायच्या वक्ताला धूर केला तर म्हैस पान्हा चोरती, एवढं मला कळतंय. मग त्या इवल्याश्या बियास्नी काय वाटलं असंल." त्यांनी पेंढी बाजूला टाकली. "घरी जाऊन लई रडलो. पण बोलायचं कुणाला? बाईंस्नी कळलं की पोरीनं आपल्या मागं दार उघडलं, तर पोरीची नोकरी गेली. तिनं तर माझ्यासाठी उघडलं. म्हणून गप ऱ्हायलो. देवाला म्हटलं, हे एक जगू दे, तोवर घरात कापूर पेटवत न्हाई. दहा महिनं देव बिनधुपाचं बसल्यात माझं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"आणि तुमास्नी बी ठावं हुतं?" शिवाक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मी हिला बजावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, हात माखलेले, पदर खोचलेले. आधी शिवाक्का हसल्या. मग हर्डीकर मॅडम हसायला लागल्या, आणि त्या अशा हसल्या की त्यांना बादली पालथी घालून तिच्यावर बसावं लागलं. मी मात्र रडत होते. शिवाक्कांनी मला ओढून जवळ घेतलं, माझ्या पंजाबी ड्रेसला सगळं माखलं. "गप," म्हणाल्या. "तू दार उघडलंस, मी धूर घातला. देणंघेणं मिटलं."

"पण रेडी हवी होती तुम्हाला."

"हवी हुती की." त्यांनी खाली बघितलं. रेडकू चारही पाय फाकवून उठायचा प्रयत्न करत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. "रेडी झाली असती तर एक दावणीला लागली असती. माझ्या एकटीच्या. ह्यो मोठा झाला की बाई, तुमच्या त्या नळकांड्यात ह्याचं बी भरून ठेवता यील न्हवं?"

मॅडमचं हसणं थांबलं. "येईल," त्या म्हणाल्या. "शिवाक्का, अगदी येईल."

आणि झालंही तसंच. तो रेडा केंद्राला अकरा वर्षं पुरला. करवीर, पन्हाळा, पार सांगोल्यापर्यंत त्याच्या लेकी गेल्या. शिवाक्कांच्या स्वतःच्या गोठ्यात पुढे त्याच्याच दोन रेड्या झाल्या, खांद्यापलीकडे शिंगं गेलेल्या. पण त्या रविवारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. समोर फक्त एक ओला रेडा होता, ज्याला गवळी गल्लीच्या हिशोबात किंमत नव्हती.

म्हैस व्यायल्याचं कळलं की गल्लीत चिकासाठी भांडी येतात. पहिल्या दिवसाचं ते दाट पिवळं दूध, त्याचा खरवस. तासाभरात दारात चार-पाच बायका लोटे घेऊन उभ्या होत्या, त्या कप विसळणाऱ्या शेजारीणबाई सगळ्यांत पुढे. "काय झालं आक्का? रेडी?" त्यांनी विचारलं.

"रेडा."

"अगं बाई. मग चीक भरपूर निघंल. दे की लोटाभर."

काशीची कास तटतटली होती. शिवाक्का खाली बसल्या, रेडकाचं तोंड धरून आचळाला लावलं, आणि तो पहिल्या झटक्यात सुटला तसं पुन्हा लावलं. मग त्यानं पकडलं. चुपूचुपू आवाज यायला लागला. एरवी दहा घोट झाले की गवळी दोरी ओढतो. शिवाक्कांनी दोरी सोडून दिली आणि कमरेवर हात ठेवून दारातल्या बायकांकडे बघितलं.

"लोटं घेऊन घरी जावा," त्या म्हणाल्या. "आज चीक न्हाई. आज सगळं ह्येचं हाय."